फोर्टातले व्हिक्टोरियन वॉक: कुठला घ्यावा, कुठला टाळावा

रविवारी सकाळी काळा घोड्यापाशी गाइडभोवती जमलेले घोळके आता नेहमीचे झाले आहेत. मार्गही जवळपास ठरलेला आहे: काळा घोडा, विद्यापीठ, ओव्हल, उच्च न्यायालय, फ्लोरा फाउंटन, दादाभाई नौरोजी रस्ता आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी). अंतर तीनेक किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. हे परीक्षण कुठल्या एका संस्थेचं नाही. या मार्गावर पैसे देऊन चालणाऱ्याला काय मिळायला हवं आणि बहुतेकदा काय मिळत नाही, ते इथे सांगायचं आहे.

निकाल आधीच देऊन टाकतो. सात-आठ इमारती दाखवणारा वॉक घ्या, पंधरा-सोळा ठिकाणं मोजून दाखवणारा टाळा. अडीच तासांतला पाऊण तास चाल, रस्ते ओलांडणं आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणं यात जातो. उरलेल्या वेळात पंधरा इमारती बसवल्या की प्रत्येकीला जेमतेम सात मिनिटं येतात, आणि तेवढ्यात वास्तुविशारदाचं नाव, साल आणि एक गंमतीदार गोष्ट एवढंच होतं. या मार्गावरच्या बहुतेक इमारती गोथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या युरोपीय शैलीतल्या, आणि गोथिक इमारत दोनदा पाहावी लागते. आधी लांबून, म्हणजे मनोरे, उतरती छपरं आणि कमानींच्या रांगा एकत्र दिसतात; मग जवळून, म्हणजे दगड आणि कोरीवकाम दिसतं. त्याला बारा-पंधरा मिनिटं लागतातच.

दुसरी कसोटी काळाची. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. हॉर्निमन सर्कलचा टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला, शैली अभिजात ग्रीक वळणाची. जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, १९१३चं, गेटवे १९२४चा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही विसाव्या शतकातलं. या तिन्हींत मुद्दाम विजापुरी-गुजराती घाट आणलेला आहे. इमारती सगळ्या सुंदर, पण ‘व्हिक्टोरियन वॉक’ म्हणून जाहिरात करायची आणि अर्धा वेळ यांत घालवायचा, हे बरोबर नाही. ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या साध्या, भौमितिक वळणाच्या, इमारतींची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये युनेस्कोने गोथिक आणि आर्ट डेको यांना एकत्रच जागतिक वारसा म्हणून घेतलं, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवणं रास्त आहे. त्या सविस्तर पाहायच्या तर वॉक वेगळा हवा.

सुरुवात भिंतीपासून व्हावी. आज जी भिंत दिसत नाही, तिच्यापासून. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६२ नंतर, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीच्या विक्रीतून सरकारी इमारतींसाठी पैसा उभा राहिला. के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तिथे तट होता. फ्लोरा फाउंटन आहे तिथे किल्ल्याचा चर्च गेट होता, आणि स्टेशनाला ते नाव त्यावरूनच पडलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर उड्या मारणारी अर्धी मुंबई बुडाली. एवढं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की पुढे प्रत्येक इमारतीशी ‘हे सगळं याच पंधरा-वीस वर्षांत का उभं राहिलं’ हा प्रश्न उरत नाही. चांगला गाइड इथे जुना नकाशा किंवा तटाचं छायाचित्र लॅमिनेट करून हातात देतो. मोबाइलच्या पडद्यावर दाखवलेलं चित्र उन्हात मागच्या रांगेला दिसत नाही.

काळा घोड्याच्या पट्ट्यात तीन इमारती घ्याव्यात. डेव्हिड ससून ग्रंथालय १८७०चं, मालाडच्या पिवळसर दगडाचं. शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेज मुळात सरकारी छापखान्यासाठी बांधलं, कॉलेज तिथे आलं १८८८ मध्ये. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, बांधकाम खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांचं. तिसरी वॉटसन्स हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने इथेच पाहिली. इमारत धोकादायक आहे, पलीकडच्या पदपथावरूनच पाहावी. जो गाइड गटाला तिच्या सज्ज्याखाली उभं करतो त्याला हटकायला संकोच करू नये.

दगडाचं बोलणं इथेच झालं पाहिजे, आणि बहुतेक वॉकमध्ये नेमकं तेच राहून जातं. भिंतींना मालाड-कुर्ल्याचा ज्वालामुखीजन्य दगड किंवा काळा बेसॉल्ट, आणि नाजूक नक्षीला पोरबंदरचा चुनखडक, अशी सर्वसाधारण वाटणी आहे. कारण सरळ आहे. बेसॉल्टवर छिन्नी चालवणं अवघड, पोरबंदरचा दगड मऊ, त्यात पान-फूल-पक्षी सहज उतरतो. पण मऊ दगड आधी झिजतो. समुद्राची खारी हवा, पावसाळा आणि गाड्यांचा धूर यांनी नाकं-चोची पुसट होतात, थर सुटतात. त्यावर कुणी सिमेंटने डागडुजी केली की नुकसान वाढतं. सिमेंट दगडाहून कडक आणि कमी सच्छिद्र असतं. आतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, तो दगडातून वाट काढतो, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचाच पापुद्रा निघतो. म्हणून दुरुस्ती चुन्यात करायची. राखाडी सिमेंटचे सांधे आणि फिकट चुन्याचे सांधे एकदा ओळखता आले की पुढच्या प्रत्येक भिंतीवर ते आपोआप दिसू लागतात. वॉकमधून घरी न्यायची हीच खरी गोष्ट आहे.

मग विद्यापीठ. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आराखडे काढले. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. दीक्षांत सभागृह १८७४ मध्ये, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरे झाले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख रुपये दिले, म्हणजे शेअरबाजार कोसळण्याच्या आदल्याच वर्षी. मनोऱ्याला नाव आईचं. अंध, जैन राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून घड्याळाचे ठोके, ही कथा प्रत्येक वॉकमध्ये ऐकू येते. कथा म्हणून ऐकावी. जास्त मोलाचं आहे ते वर, मनोऱ्यावर आणि जिन्याच्या अंगाला: पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. हे नाव न घेता पुढे सरकणारा गाइड अर्धाच मनोरा दाखवतो. मनोरा २८० फूट उंच आहे, त्यामुळे हे पुतळे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. आठपट वाढवणारी साधी दुर्बीण सोबत ठेवावी. गटासाठी दोन-तीन दुर्बिणी आणणारा आयोजक जाणकार समजावा. आवारात सहसा प्रवेश मिळत नाही. आयोजकाने आधी परवानगी काढली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावं. नसेल तर सगळं ओव्हलच्या कुंपणापासून पाहायचं आहे हे गृहीत धरावं.

ओव्हलची जागा तशीही उत्तम आहे, फक्त वेळ चुकते. विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि जुनं सचिवालय यांचे दर्शनी भाग पश्चिमेकडे आहेत, कारण तेव्हा समोर समुद्र होता. भराव घालून मरीन ड्राइव्ह झाला तो विसाव्या शतकात. म्हणजे सकाळी ऊन इमारतींच्या मागे असतं आणि नक्षी सावलीत जाते. दुपारी चारनंतर तीच रांग पिवळ्या उन्हात उजळते, कमानींच्या खाचा खोल दिसतात. रविवार सकाळ निवडण्याचं कारण वाहतूक कमी असते हे आहे, आणि ते खरंही आहे. पण फोटोसाठी जाणाऱ्याने नोव्हेंबर-फेब्रुवारीतला संध्याकाळचा वॉक शोधावा आणि तो चारच्या आधी सुरू होतो ना, हे पाहावं. पाचला सुरू झालेला वॉक सीएसएमटीला पोहोचेपर्यंत अंधार होतो.

उच्च न्यायालय कर्नल जेम्स फुलर यांचं, १८७१ ते १८७८. लांबी ५६२ फूट. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. डोळ्याला पट्टी बांधून तराजू धरलेलं माकड इथलं सर्वांत लाडकं शिल्प, आणि चिडलेल्या कंत्राटदाराने न्यायाधीशांवर उगवलेला सूड अशी त्याची गोष्ट. ती दोन मिनिटांत आटोपावी. मराठी माणसाला याच इमारतीत थांबायचं कारण वेगळं आहे: १९०८चा लोकमान्य टिळकांचा राजद्रोहाचा खटला मधल्या दालनात चालला, आणि दोषी ठरवल्यावरचे त्यांचे शब्द तिथे संगमरवरी पाटीवर कोरलेले आहेत. रविवारच्या वॉकला हे आतून दिसत नाही. पण गाइडने बाहेर उभं राहून सांगायला काय हरकत आहे? लांबरुंद व्हरांडेही इथेच समजावून घ्यावेत. युरोपातल्या गोथिक इमारतीला उन्हाची गरज, इथे उन्हाला अडवायची. म्हणून कमानींची रांग पुढे आली आणि खोल्या मागे सरकल्या.

फ्लोरा फाउंटन १८६४चं, आराखडा नॉर्मन शॉ यांचा, दगड इंग्लंडातला पोर्टलंड. इथे पाच मिनिटं पुरतात. पण त्या पाचातली दोन शेजारच्या हुतात्मा स्मारकाची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा चौक ओलांडताना नुसती ‘रोमन देवता’ सांगून पुढे जाणारे वॉक आहेत, आणि ते खटकतं.

दादाभाई नौरोजी रस्त्यावरची सलग कमानींची पडवी ही निव्वळ शोभा नव्हे. १८९६च्या सरकारी नियमाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आच्छादित वाट ठेवणं सक्तीचं झालं. वॉकसाठी अडचण अशी की पडवीतून चालताना इमारत दिसत नाही, आणि फेरीवाल्यांच्या गर्दीत गट तुटतो. वीस जणांचा गट इथे हमखास दोन तुकडे होतो. म्हणून पंधराच्या वर माणसं घेणाऱ्याकडे कानात लावायची श्राव्य यंत्रं असावीत. कमरेच्या भोंग्यावर ओरडून बोलणं पहिल्या पाच जणांनाच कळतं आणि रस्त्यावरच्या लोकांना त्रास होतो तो वेगळा.

शेवटचा थांबा सीएसएमटी, आणि अर्धा तास इथे राखून ठेवलेला हवा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा आराखडा, १८७८ ते १८८८ बांधकाम, २००४ पासून जागतिक वारसा. सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन ही नावं क्वचितच ऐकू येतात. गाइडने घेतली नाहीत तर विचारावीत. पानं, मोर, खारी, माकडं हे कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकावरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची चक्र आणि मशाल घेतलेली ‘प्रगती’ हे टॉमस अर्प यांचं काम. मेलबर्नच्या स्टेशनाशी आराखडे अदलाबदल झाले ही कथा सांगणाऱ्या गाइडवर मात्र फुली मारावी. मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन १९१० मध्ये पुरं झालं, आणि मुंबईचा आराखडा स्टीव्हन्स यांनी याच जागेसाठी केला.

उभं राहायची जागा महापालिकेच्या बाजूचा पदपथ. रस्ता भुयारी मार्गानेच ओलांडावा, वरून गट नेणं धोक्याचं आहे. इथून मान वळवली की स्टीव्हन्स यांचीच दुसरी इमारत, १८९३चं महापालिका मुख्यालय. त्यासाठी आधी चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाचा आराखडा निवडला होता, तो मागे पडून स्टीव्हन्स यांचा आला. समोरासमोरच्या या दोन इमारतींत एकाच माणसाची पाच वर्षांतली चाल दिसते: पलीकडे शुद्ध गोथिककडे झुकणारी, इकडे घुमटांचा आकार थेट देशी. ही तुलना करून दाखवणं हा वॉकचा कळस असू शकतो. बहुतेक ठिकाणी त्या वेळी सगळे घड्याळं पाहत असतात. मग स्टेशनात जाऊन तिकिटांचा जुना हॉल, स्टार चेंबर, पाहावा. तिथे तिपाई लावली तर सुरक्षा दल हटकतं. घुमटाखालचा दगडी जिना कार्यालयाच्या भागात आहे, तो नेहमीच्या वॉकमध्ये येत नाही. त्यासाठी रेल्वेची स्वतंत्र वारसा-फेरी असते, कामाच्या दिवशी दुपारची. महापालिकेची इमारत आतून दाखवण्याचा उपक्रम २०२१ पासून शनिवार-रविवारी सुरू झाला. दोन्हींच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी चौकशी करावी.

पावसाळ्यात वॉक रद्द करणारे आयोजक एक संधी घालवतात. छपराच्या कडेला बसवलेली दगडी जनावरं पाणी भिंतीपासून दूर फेकण्यासाठी आहेत, आणि ती काम करताना जुलैतच दिसतात. त्या दिवसांत ओव्हलचा चिखल वगळून पडव्यांचा मार्ग घ्यावा, पकड असलेले बूट आणि छत्री घ्यावी. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी. उन्हाळ्यात माणशी लिटरभर पाणी लागतं. प्रसाधनगृह मार्गाच्या मध्यावर भरवशाचं नाही, चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन स्थानकांत आहे, म्हणून ज्येष्ठांसाठी चर्चगेटपासून सुरू होणारा मार्ग सोयीचा. पदपथांना उंच पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची ओव्हलभोवती चालते पण नौरोजी रस्त्यावर अडकते.

मराठीतून होणारा वॉक मिळाला तर तो आधी घ्यावा, गाइड वरच्या कसोट्यांना उतरत असेल तर. कमान, पन्हळ, सज्जा, जाळी, पडवी या शब्दांत समजावलेली इमारत लहान मुलांनाही कळते. मुलं सोबत असतील तर वॉक दीड तासाचा ठेवून फक्त विद्यापीठ ते सीएसएमटी करावा, आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी कोरलेले प्राणी शोधायला त्यांनाच सांगावं.