भिंतीवर सात महिने: नुसत्या रेघांचं प्रिंट

सात महिने झाले हे प्रिंट घेऊन, म्हणून आता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पैसे वाया गेले एवढंच लिहिलं असतं.

खूळ लागलं अ‍ॅग्नेस मार्टिन या चित्रकर्तीमुळे. 1912 चा जन्म, मूळची कॅनडाची, न्यूयॉर्कमध्ये नाव होत असतानाच 1967 ला शहर सोडलं, पेंटिंग बंद, न्यू मेक्सिकोच्या माळावर स्वतः मातीच्या विटांचं घर बांधून राहिली आणि मग 1973 मध्ये एकदम 30 स्क्रीनप्रिंटचा (ताणलेल्या कापडातून शाई दाबून छापलेल्या चित्रांचा) संच, सगळ्यात फक्त जाळ्या आणि समांतर रेघा! कॅनव्हासवरची तिची पेन्सिलीची रेघ जवळून थरथरती दिसते, या प्रिंट्समध्ये ती एकदम साफ आहे. तिचं काही घेणं आपल्या ऐपतीबाहेरचं, म्हणून त्याच वळणाच्या एका आत्ताच्या आर्टिस्टचं घेतलं. कॉटन पेपर, करड्या रेघा, खाली पेन्सिलीनं 23/75, म्हणजे 75 प्रतींतला 23 नंबर, आणि सही. (लहान नंबर म्हणजे भारी प्रिंट असं काही नसतं, छापले त्याच क्रमानं नंबर टाकतात असंही नाही.)

घरच्यांचा पहिला प्रश्न, "यात अजून काही यायचंय का?" मलाही महिनाभर तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग एकदा संध्याकाळी दिवा बाजूनं पडला होता तेव्हा दिसलं की शाई कागदात मुरलेली नाहीये, वर बसलीय, प्रत्येक रेघेला बारीकशी कड आहे आणि दोन रेघांमधला पांढरा सगळीकडे सारखा वाटत नाही. तेव्हापासून जाता येता नजर जातेच.

डोकेदुखी झाली ती फ्रेमची. फ्रेमवाल्यानं कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवला आणि काच थेट वर टेकवली. दमट हवेत कॉटन पेपर फुगतो, त्याला सरकायला जागाच नाही, चौथ्या महिन्यात मधोमध लाटा. दुसरीकडे उघडून घेतलं, आता फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, मागे अ‍ॅसिड-फ्री (कागद पिवळा पडू न देणारा) बोर्ड, मधे माउंट (खिडकी कापलेला जाड पुठ्ठा), त्यामुळे काच अंतरावर राहते. टेप काढताना माझा जीव टांगणीला, नशीब मागचा थोडा पापुद्राच गेला. काच यूव्हीवाली घेतली तरी ऊन येतं त्या भिंतीवर लावलं नाही. लाटा बऱ्याच बसल्यात, उजव्या कोपऱ्यात एक अजून आहे, समोरून दिसत नाही पण मला माहितीये ना.