'ला क्लासे माहिका' : शाळा सुटल्यानंतरचा जादूचा वर्ग

कॅलिफोर्नियातील सोलाना बीच येथे १९८९ साली सुरू झालेला 'ला क्लासे माहिका', म्हणजेच जादूचा वर्ग, हा सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ईडन गार्डन्स या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या वस्तीत उभा केलेला उपक्रम आहे. याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल यांचा 'फिफ्थ डायमेन्शन' हा संगणकवर्ग त्याच गावात आधीपासून चालू असला, तरी या वस्तीतली मुले तिकडे फारशी फिरकत नव्हती. तेव्हा विद्यापीठातल्याच संशोधक ओल्गा वास्केझ यांनी मुलांना तिकडे ओढत न नेता संगणकच वस्तीतल्या सेंट लिओज या कॅथलिक प्रार्थनास्थळी आणले. माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच.

वर्गाची रचना पाहण्यासारखी आहे. खेळ एका चक्रव्यूहासारखे मांडलेले असतात; त्याच्या एकेका दालनात ठेवलेला खेळ कार्डावरच्या सूचनांप्रमाणे खेळून झाला, की मूल 'एल मागा' या कधीच न दिसणाऱ्या जादूगाराला संगणकावरून पत्र लिहिते. ते स्पॅनिशमध्ये असो, इंग्रजीत असो वा दोन्हींची सरमिसळ असो, चालते. स्पॅनिशमध्ये 'एल' पुल्लिंगी आणि 'मागा' स्त्रीलिंगी, म्हणजे आपण 'तो जादूगारीण' म्हणावे तसे. जादूगार बाई की बुवा, याचा पत्ताच लागू नये अशी ही खुबी. उत्तर येणार या ओढीने मूल लिहीत जाते आणि कळफलकावर हात आपोआप बसतो. संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात पाहिलेल्या आपल्यासारख्यांना याचे अप्रूप वाटणारच.

शेजारी बसतात ते विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि तेही निव्वळ समाजसेवा म्हणून नव्हे, तर हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असून त्याचे श्रेयांक मिळतात. ज्याला स्पॅनिश येत नाही, त्याला समोरचे मूलच शिकवते, त्यामुळे गुरू कोण नि शिष्य कोण हे सतत बदलत राहते. १९९६ साली सुरू झालेल्या 'यूसी लिंक्स' या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, अशा वर्गांना जोडणाऱ्या जाळ्यामुळे अशा वर्गांना विद्यापीठाच्या इतर शाखांचीही जोड मिळाली.

उणीव आहे ती वेळापत्रकात. या विद्यापीठाचे सत्र जेमतेम दहा आठवड्यांचे असल्याने मुलाची गट्टी जमते न जमते तोच शेजारचा दादा किंवा ताई बदलण्याची वेळ येते, आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की एल मागाच्या नावाने लिहिणारा हात बदलला तरी एल मागा तोच राहतो.