दहा तासांचा सुपरवायझर कोर्स घ्यावा का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी टीडब्ल्यूआयची पारख

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे किंवा ठाण्याची वागळे इस्टेट, कुठल्याही कारखान्यात सुपरवायझर बहुधा एकाच वाटेने तयार होतो. लाइनवरच्या सगळ्यांत तरबेज ऑपरेटरला बढती मिळते आणि सोमवारपासून त्याच्या हाताखाली बारा माणसं येतात. पण काम येणं आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरवता येणं ही दोन वेगळी कसबं आहेत. दुसरं कसब त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. मग नवा हेल्पर अडला की हा स्वतःच पाना हातात घेतो. शिफ्ट निघून जाते आणि हेल्पर होता तिथेच राहतो.

यावर दोन प्रकारचे उपाय विकत मिळतात. एक म्हणजे हॉटेलच्या हॉलमधलं दोन दिवसांचं लीडरशिप शिबिर. दुसरा म्हणजे टीडब्ल्यूआय, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, जो सल्लागाराकडून आपल्याच कारखान्यात घेता येतो. ही पारख दुसऱ्याची आहे. आमचं मत आधीच सांगतो: उत्पादनाच्या जागी पहिल्यांदा सुपरवायझर झालेल्यांसाठी पैसे इथेच घालावेत, पण कोर्स मूळ आकारात मिळत असेल तरच.

हा कोर्स जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकेत तो सुरू झाला. अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि कारखान्यांत हजारो नवखे येत होते. त्यांना झटपट आणि बिनचूक शिकवणारे सुपरवायझर हवे होते. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती उचलली. तिचे मुख्य भाग तीन: जॉब इन्स्ट्रक्शन म्हणजे काम शिकवणं, जॉब रिलेशन्स म्हणजे माणसं सांभाळणं आणि जॉब मेथड्स म्हणजे कामाची पद्धत सुधारणं. प्रत्येक भाग दहा तासांचा, दोन-दोन तासांची पाच सत्रं आणि एका बॅचमध्ये दहाच्या आसपास माणसं.

या दहा माणसांच्या आकड्यातच सगळं आहे. जॉब इन्स्ट्रक्शनमध्ये पहिल्या सत्रात प्रशिक्षक पद्धत दाखवतो. पुढच्या आठ तासांत प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातलं एक खरं काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. दहा जणांत माणशी ४८ मिनिटं येतात. 'पैसे वसूल' म्हणून पंचवीस जण कोंबले तर १९ मिनिटं. तेवढ्यात कोणाचाच सराव होत नाही, प्रशिक्षक स्लाइड वाचत बसतो आणि कोर्सचं व्याख्यान होतं. पाचही सत्रं एका दिवसात उरकून देतो म्हणणाऱ्यालाही नकार द्या. एका सत्रात शिकलेलं पुढच्या सत्राआधी लाइनवर करून पाहायचं आणि अडलेलं घेऊन यायचं, हा मधला वेळ कोर्सचाच भाग आहे.

जॉब इन्स्ट्रक्शनचं पहिलं सत्र फार नेटकं बांधलेलं आहे. बल्ब होल्डरच्या दोन वायरींना एक गाठ मारतात, वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून. प्रशिक्षक आधी ती गाठ नुसती तोंडी सांगतो. समोरच्याला जमत नाही. मग काही न बोलता नुसती करून दाखवतो. तरीही जमत नाही. आपण रोज लाइनवर याच दोन चुका करतो, हे पाच मिनिटांत ध्यानात येतं. त्यानंतर तीच गाठ पद्धतशीर शिकवली जाते आणि जमते.

पद्धतीच्या पायऱ्या चार. पहिली, माणसाची तयारी: त्याची धास्ती घालवायची, काय शिकायचं ते सांगायचं, त्याला आधीच किती येतं ते विचारायचं आणि त्याला नीट दिसेल असं उभं करायचं. समोरासमोर उभा राहिला की डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे शेजारी, आपल्याच दिशेने. दुसरी, काम दाखवणं: एकदा फक्त टप्पे, दुसऱ्यांदा टप्प्यांबरोबर की पॉइंट म्हणजे कामातली मेख, तिसऱ्यांदा त्या मेखेमागचं कारण. तिसरी, त्याच्याकडून करून घेणं: आधी नुसतं काम, मग टप्पे बोलत, मग मेख सांगत, मग कारणं सांगत. चौथी, त्याला कामावर सोडणं: अडलं तर कोणाला विचारायचं त्या एकाच माणसाचं नाव सांगायचं, सुरुवातीला वरचेवर बघून यायचं आणि हळूहळू फेऱ्या कमी करायच्या.

या सगळ्याचा पाया म्हणजे ब्रेकडाउन शीट, म्हणजे काम टप्प्यांत फोडून लिहिलेला कागद, आणि खरी कसोटीही तिथेच लागते. तीन रकाने असतात: टप्पा, मेख, कारण. या पट्ट्यात केमिकल युनिट बरीच आहेत, म्हणून आठ बोल्टच्या फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्यांचं, उदाहरण घेऊ. टप्पा: बोल्ट आवळणे. मेख: गोलाकार क्रमांक धरून १-५-३-७-२-६-४-८ अशा समोरासमोरच्या क्रमाने, आणि एकदम नाही तर तीन फेऱ्यांत, ठरलेल्या टॉर्कच्या (आवळण्याच्या जोराच्या) साधारण ३०, ७० आणि १०० टक्के. शेवटी एक फेरी गोलाकार. कारण: एक बाजू आधी आवळली की मधली गॅस्केट (गळती रोखणारी चकती) तिरकी दबते आणि पाइपलाइन चालू झाली की सैल बाजूने गळते. नवखा सुपरवायझर याच जागी 'बोल्ट नीट आवळणे' एवढंच लिहितो. 'नीट' हा शब्द शीटवर दिसला की शीट परत द्यायची. ज्याने काम बिघडतं, माणसाला इजा होते किंवा हातोटीने काम सोपं होतं, तेवढंच मेखेच्या रकान्यात येतं. एका टप्प्याला चार-पाच मेखा लागत असतील तर टप्पा फोडायला हवा. पहिल्या शीटला तास-दीड तास जातो, त्यात वाईट काही नाही.

शीट कोणत्या भाषेत हवी? शीट समोर ठेवून शिकवणारा असतो सुपरवायझर, म्हणून त्याच्या भाषेत. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर मराठीइतकीच हिंदी चालते. शीट मराठीत आणि शिकवणं हिंदीत झालं तरी बिघडत नाही. इंग्रजीत छापून आणलेल्या गुळगुळीत शीट मात्र पुढे फायलीतच पडून राहतात.

कोर्समधली दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे ट्रेनिंग टाइमटेबल. आडवी नावं, उभी कामं. येत असेल तिथे खूण, येत नसेल तिथे कधीपर्यंत यायला हवं ती तारीख. दिसायला साधा कागद. पण गणपतीला कोकणातली माणसं गावी जातात, छठला उत्तर प्रदेश-बिहारची, आणि मुसळधार पावसात ट्रान्स-हार्बर लोकल कोलमडली की निम्मी शिफ्ट वाटेतच अडकते. ज्या कामापुढे एकच खूण आहे ते काम त्या दिवशी बंद पडणार, हे कागद दोन महिने आधी दाखवतो. आमच्या मते जॉब इन्स्ट्रक्शनची बॅच जूनपर्यंत संपवावी, म्हणजे गणपतीआधी दुसरा माणूस तयार करायला हाताशी वेळ राहतो.

जॉब रिलेशन्सही चांगला आहे, पण त्याला इथे मर्यादा आहेत. रोज पाळायच्या चार गोष्टी तो शिकवतो: माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, चांगल्या कामाची दाद तिथल्या तिथे द्या, बदल त्याच्यावर येणार असेल तर आधी कळवा, आणि त्याच्या अंगच्या कसबाचा पूर्ण उपयोग करा. तिसरी सगळ्यांत जास्त मोडली जाते. शिफ्ट बदलल्याचं गेटवरच्या फळ्यावर वाचून कळणं हे अनेक भांडणांचं मूळ असतं. पेच आलाच तर क्रम ठरलेला: माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. पहिल्या पायरीत त्या माणसाचं मत आणि भावनाही माहिती म्हणून धरायच्या असतात, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

मर्यादा अशी की लाइनवरची बरीच माणसं ठेकेदाराची असतात. त्यांच्यावर शिस्तीची कारवाई सुपरवायझर थेट करू शकत नाही, ती ठेकेदारामार्फत जाते. कोर्समधली उदाहरणं मात्र सगळी कंपनीच्याच कामगाराची. म्हणून प्रशिक्षकाला एचआरबरोबर बसवून 'कुठवर माझ्या हातात, कुठून पुढे वर कळवायचं' हा एक पानाचा तक्ता आधी करून घ्या. तो नसेल तर सुपरवायझर तिसऱ्या पायरीवर अडकतो आणि मग पहिल्या दोनही सोडून देतो.

जॉब मेथड्स लगेच घेऊ नका. प्रत्येक तपशिलाला का, काय, कुठे, कधी, कोणी, कसं विचारायचं, मग वगळायचं, जोडायचं, क्रम बदलायचा, सोपं करायचं. पद्धत छानच आहे. पण लोक एकाच रीतीने काम करायला लागल्याशिवाय सुधारणार काय?

वेळ ठरवताना कंपनीची बस विसरू नका. सात-ते-तीनच्या शिफ्टनंतर तीन ते पाच सत्र ठेवलं आणि बस सव्वातीनला सुटली, तर तिसऱ्या दिवशी हजेरी निम्मी होते आणि दोष सुपरवायझरच्या 'अनास्थे'ला जातो. एक ते तीन, म्हणजे शिफ्टच्या आतच ठेवा आणि लाइनवर बदली माणूस द्या. दहा जणांचे दहा तास म्हणजे शंभर मनुष्यतास. कोर्सच्या फीपेक्षा हा खर्च बरेचदा मोठा असतो, तो आधीच मंजूर करून घ्या. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा, कोटेशन मागतानाच विचारा.

प्रॉडक्शन मॅनेजरला आधी तासभर तरी बसवलं पाहिजे. त्याने 'शिकवणं राहू दे, आधी माल काढ' असं एकदा म्हटलं की पाच सत्रं पाण्यात.

शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवर कोर्स जोखू नका. त्यावर चहा आणि प्रशिक्षकाचा स्वभाव यांनाच गुण मिळतात. दोन आकडे कोर्सआधी लिहून ठेवा: नवा माणूस एकटा काम करायला किती दिवस घेतो, आणि त्याच्या पहिल्या महिन्यातलं रिजेक्शन म्हणजे नापास माल किती. आठ आठवड्यांनी तेच दोन पुन्हा घ्या. प्रशिक्षकाने तीस दिवसांनी येऊन लाइनवर उभं राहून शिकवणं बघायचं, ही अट ऑर्डरमध्येच लिहा. ती मान्य नसेल तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

ऐरोली-महापेच्या आयटी आणि बीपीओ कार्यालयांना हा कोर्स जसाच्या तसा आम्ही सुचवणार नाही. कॉल हाताळणं, बिलिंग, डेटा एंट्री अशा ठरीव कामांना ब्रेकडाउन शीट चालते. प्रत्येक वेळी नवा प्रश्न सोडवणाऱ्या टीमच्या लीडला मात्र काम सोपवणं, प्राधान्य ठरवणं आणि मागे राहिलेल्याशी स्पष्ट बोलणं शिकायचं असतं, आणि यातलं पहिलं-दुसरं टीडब्ल्यूआयमध्ये जवळजवळ नाहीच. तिथे फक्त जॉब रिलेशन्सची पाच सत्रं घ्या, तीही टीममधल्या खऱ्या पेचांवर, नावं बदलून.