कन्सल्टंटने एका प्रश्नापुढं "नाही" टिक केलं आणि बहिणीचं वर्ष गेलं

आम्ही सांगलीचे, बाबा एसटीत कंडक्टर. धाकट्या बहिणीला दहावीला 96 टक्के, सॅट या अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेत 1480, आणि तिला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं होतं. एवढे पैसे आपल्याकडे नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे फायनान्शियल एड, म्हणजे घरची ऐपत बघून कॉलेज देतं ती मदत, मिळाली तरच जायचं असं घरात ठरलेलं. पुण्यात डेक्कनला एका कन्सल्टन्सीत गेलो तेव्हा बाबांनी हे दोनदा बोलून दाखवलं. तिथले सर म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका, शंभर टक्के स्कॉलरशिपची जबाबदारी आमची."

फी 80 हजार, अ‍ॅडमिशन झाली की आणखी 50 हजार. वर नऊ कॉलेजांच्या सीएसएस प्रोफाइलचे म्हणून 40 हजार. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. सीएसएस प्रोफाइल म्हणजे एड मागण्यासाठी भरायचा घरच्या उत्पन्नाचा फॉर्म, पहिल्या कॉलेजला 25 डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला 16, म्हणजे नऊ कॉलेजांचे 153 डॉलर, साधारण 13 हजार रुपये. हे मला नंतर कळलं. आणि त्यांनी तो फॉर्म एकाही कॉलेजला पाठवलाच नव्हता.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, तिचं लॉगिन त्यांनीच उघडलं, त्यासाठी बहिणीच्या नावाने नवीन मेल आयडीही त्यांनीच काढला, पासवर्ड मागितला की "मुलं चुका करतात, आमच्याकडेच राहू दे". आम्ही ऐकलं. इथेच मोठी चूक झाली.

एप्रिलच्या आत दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन आली. सरांनी पेढे वाटले, बहिणीचा फोटो जाहिरातीत टाकला आणि 50 हजारही घेतले. पत्र नीट वाचलं तर स्कॉलरशिप वर्षाला 15 हजार डॉलर आणि एकूण खर्च 68 हजार, म्हणजे दर वर्षी 53 हजार डॉलर, 45 लाख रुपये, आपण भरायचे. बहिणीने स्वतःच्या मेलवरून कॉलेजला विचारलं, एड का नाही? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की तुम्ही एड नको असं लिहिलंय, आणि परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी एड मागितली नसेल तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही.

चार दिवस मागं लागून पासवर्ड मिळवला. अर्जाची पीडीएफ उघडली, प्रत्येक कॉलेजच्या पानावर तोच प्रश्न, गरजेवर आधारित मदत मागणार आहात का? नऊच्या नऊ ठिकाणी "नाही". बहीण काही बोलली नाही, नुसती पानं वरखाली करत बसली.

असं का केलं तेही सांगतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशाची गरज न बघता निवड करतात. बाकी बहुतेक ठिकाणी एड मागितली की अ‍ॅडमिशन अवघड होते. "नाही" टिक केलं की अ‍ॅडमिशन सोपी, त्यांचे 50 हजार पक्के. मुलगी तिथे जाऊ शकते का नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, आपल्याकडे एक माणूस आहे, 2 टक्के घेऊन महिनाभर 45 लाख खात्यावर ठेवतो, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र) आणि व्हिसा झाला की काढून घेतो. बाबा तिथल्या तिथे उठले. अरे, व्हिसासाठी खोटे पैसे दाखवलेले पकडले गेले तर अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं, आणि पुढची फी कोण भरणार?

पैसे परत मागितले तर पावती पुढं केली. पावतीवर फक्त "समुपदेशन सेवा" लिहिलंय, स्कॉलरशिपचा शब्दही नाही. सगळं बोलणं तोंडी झालेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज सापडला, "एड फॉर्म सबमिटेड", तो खोटा असल्याचं सिद्ध करता येतं, म्हणून त्याच्या जोरावर ग्राहक आयोगात तक्रार केलीय. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घेतलं होतं, तिथे नीट माहिती मिळाली.

बहिणीने इथे कॉलेजला प्रवेश घेतला नाही. घेतला असता तर तिकडे तिला ट्रान्सफर, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारी, धरतात आणि परदेशी ट्रान्सफर मुलांना एड फार कमी ठिकाणी मिळते. नातेवाईक बोलतात, बोलू देत. यंदा मेल तिचा, पासवर्ड तिचा. बाबांचा फॉर्म सोळा आणि पगाराच्या स्लिपा घेऊन दोन संध्याकाळी बसून सीएसएस प्रोफाइल आम्हीच भरलं. सात कॉलेजं केलीत, आणि सबमिट करायच्या आधी तिने बाबांना शेजारी बसवून सातही ठिकाणचं "हो" दाखवलं.