स्लाऊमधले हीटिंगवाले काका: पाचपैकी साडेचार

इथली, इंग्लंडमधली, मार्चची गोष्ट. बाहेर १२ डिग्री, घरात २६. थर्मोस्टॅट १८ वर आणला, मग १० वर, शेवटी प्रोग्रामरवर (हीटिंगच्या वेळा लावायच्या डब्यावर) हीटिंग बंदच करून टाकलं. रेडिएटर आपले तापलेलेच. इचलकरंजीहून आलेल्या सासूबाई पहिल्या दिवशी खूश होत्या, त्यांनी साबुदाण्याच्या पापड्या रेडिएटरवर वाळत घातल्या. तिसऱ्या रात्री मात्र म्हणाल्या, "अगं, आम्हाला काय मोदकासारखं उकडायला ठेवलंयस का?" किचनमधल्या स्मार्ट मीटरच्या डब्यावर दिवसाचा गॅस नऊ पौंडांच्या पुढे गेलेला. आणि आम्ही शहाणे, खिडक्या उघडून बसलेलो.

ज्या कंपनीला आम्ही हीटिंगच्या दुरुस्तीसाठी दरमहा कव्हरचे पैसे भरतो, तिचा मुलगा दोन दिवसांनी आला. वीस मिनिटांत नवा थर्मोस्टॅट बसवला, १४० पौंड घेतले (तो म्हणे कव्हरमध्ये येत नाही) आणि "सिस्टिम थंड व्हायला वेळ लागतो" म्हणून निघून गेला. सिस्टिम काही थंड झाली नाही.

खरा पत्ता लागला तो इडलीच्या पिठामुळे. आमच्याकडे गरम पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे टॉवेल-कपडे ठेवायच्या उबदार कपाटात आहे. थंडीत मी पीठ तिथेच आंबायला ठेवते, सकाळपर्यंत छान फुगतं. त्या रात्री अकरालाच पातेल्याबाहेर येऊन टॉवेलवर सांडलं होतं. पुसताना हात पाइपला लागला आणि चटका बसला. गरम पाणीसुद्धा तेव्हा बंद होतं, मग हा पाइप तापतोय कशाने? पाइपवर दोन छोटे चंदेरी डबे आहेत, त्यांचे फोटो काढून मैत्रिणीने दिलेल्या नंबरवर पाठवले.

काका साठीचे, इंग्रज, कमी बोलणारे. बॉयलरला त्यांनी हातही लावला नाही. आधी थर्मोस्टॅटच्या रिसिव्हरवरचा (त्याचा संदेश घेणाऱ्या डब्यावरचा) दिवा बघितला. तो बंद होता. म्हणजे थर्मोस्टॅट उष्णता मागतच नव्हता, आमचे १४० पौंड चुकीच्या जागी गेले हे तिथेच कळलं. मग कबर्डमध्ये गेले. ते चंदेरी डबे म्हणजे गरम पाण्याची वाट उघडणारे-मिटणारे, मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह, एक रेडिएटरचा, एक टाकीचा. प्रत्येकाच्या बाजूला बारीक दांडी असते. मला म्हणाले, तूच हलवून बघ. टाकीची दांडी ताठ, स्प्रिंग मागे ओढत होती, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद. रेडिएटरची दांडी मात्र ढिल्या दातासारखी लुळी. तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतला छोटा स्विच दाबला जातो आणि तोच बॉयलरला व पंपाला चालू व्हायला सांगतो. व्हॉल्व्ह मिटलाच नाही तर स्विच सुटत नाही, मग खाली थर्मोस्टॅटवर तुम्ही काहीही करा. टेस्टर लावला तर त्या स्विचमधून बॉयलरकडे जाणाऱ्या नारिंगी वायरमध्ये करंट होता, सगळं बंद असताना.

सासूबाईंना मी हे मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, "मग हे आमच्या विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरसारखंच की! पट्टी चिकटली की बटण दाबून उपयोग नाही, लाकडानं टोकावं लागायचं." मी भाषांतर केल्यावर काका पहिल्यांदा हसले.

मेन बंद करून त्यांनी वरचा डबा काढला आणि खालच्या व्हॉल्व्हची पितळी दांडी बोटांनी फिरवून बघितली. सहज फिरली. ती घट्ट असती तर सिस्टिममधलं पाणी काढून अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागला असता. आमचं नुसत्या डब्यावर भागलं: ५५ पौंड डब्याचे, ८० मजुरीचे, चाळीस मिनिटं. जुना डबा उघडून आतली झिजलेली दातेरी चाकंही दाखवली.

जाताना बॉयलरशेजारचा लाल दिव्याचा स्विच दाखवून म्हणाले, पुन्हा असं झालं तर खिडक्या उघडू नका, हा बंद करा. हे काम वायरिंगचं होतं, पण बॉयलरचं झाकण उघडणाऱ्याचं गॅस सेफचं (इथल्या गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं) कार्ड बघायचं, तेही उलटून, कारण कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. स्वतःचं न मागता दाखवलं.

अर्धा तारा कापला तो दहाची वेळ देऊन बाराला आल्याबद्दल, आणि कार्पेटवरून बुटांसकट वर गेल्याबद्दल. सासूबाई त्या बुटांकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्याचं भाषांतर मी केलं नाही.

नंबर हवा असेल तर मला मेसेज करा. सकाळची वेळ दिली तर जेवणानंतर येतील असं धरून चाला.