स्काउट-गाइड पथक: नाव घालण्याआधी काय बघावं

भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या पथकाची पारख बहुतेक पालक २६ जानेवारीच्या संचलनावरून करतात आणि तिथेच फसतात. संचलन पंधरा दिवसांत बसवता येतं. योजना म्हणून पाचपैकी साडेचार गुण; शाळेत उतरते तेव्हा मात्र एकपासून पाचपर्यंत काहीही.

खरा जीव संघात असतो. सहा ते आठ मुलं, त्यांच्यातलाच एक संघनायक आणि सगळ्या संघनायकांची सभा, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, तेव्हाही आधी चार संघ पाडले होते. पुढच्या महिन्याचं काय ते या सभेत ठरतं का, इतिवृत्त मुलं लिहितात का, एवढं स्काउटमास्तरांना विचारा. ‘सगळं मीच बघतो’ असं उत्तर आलं, तर तो कवायतीचा तास समजा. मास्तरांचं बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड प्रशिक्षण झालंय का, हेही विचारायला हरकत नाही. गळ्यात चामडी दोरीत दोन लाकडी मणी दिसले, तर हिमालय वूड बॅज या वरच्या प्रशिक्षणापर्यंत मजल गेलेली आहे.

प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंतची (सोपान म्हणजे पायरी, प्रत्येकीच्या ठरावीक चाचण्या) चढण आणि पुढे राज्यपुरस्कार, हा क्रम विचारपूर्वक आखलेला आहे. बिघडतं ते घाईमुळे. दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून आठवी-नववीत सोपान उरकले जातात. रोजच्या सत्कृत्याची वही उघडून बघा: महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या कळतात. ‘आजीला पाणी दिले’ चार वेळा येतं. स्काउट होताना घेतलेल्या वचनातलं ‘शीलाला स्मरून’ मुलाला कुठे पोचलं, ते या वहीत दिसतं.

गाठींचंही तसंच. चाचणीत वीतभर सुतळीवर रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडणारी साधी गाठ, मारून दाखवली की सही मिळते. दुसरा वेढाही पहिल्याच दिशेने घातला तर ती चुकीची गाठ, म्हणजे ग्रॅनी, होते, आणि ताण आला की घसरते. सुतळीवर हे कळतच नाही. त्यापेक्षा दोन काठ्या द्या आणि स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे त्या दोरीने आडव्या-उभ्या घट्ट बांधायला सांगा. उभ्या काठीला क्लोव्ह हिच (काठीभोवती दोरी अडकवायची गाठ), दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, मग काठ्यांच्या मधून आवळणारे दोन, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. सैल राहतात ते नेमके मधले दोन, कारण तिथे बोटं दुखतात. आडव्या काठीला पाण्याची अर्धी बादली अडकवा. काठी खाली सरकली, की पोराला स्वतःलाच समजतं.

‘खरी कमाई’त, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, भेळेचा स्टॉल लावतात. घरून आई भेळ करून देते आणि मुलं फक्त सुटे पैसे मोजतात, हा नेहमीचा घोळ. भांडवल किती, कुरमुरे किती उरले, नफा कुठे जाणार, याचा हिशोब संघाने फळ्यावर मांडला पाहिजे.

गणवेशात स्कार्फ सुती घ्या. टेरिकॉटचा वॉगलमधून, म्हणजे गळ्याशी स्कार्फ अडकवायच्या कड्यातून, सारखा निसटतो. स्कार्फ त्रिकोणी असतो, दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटर. प्रथमोपचारात डोक्याला किंवा गुडघ्याला बांधायला पुरतो, पण मोठ्या माणसाच्या हाताला झोळी करायला तोकडा पडतो. त्यासाठी पथकाच्या पेटीत मोठ्या त्रिकोणी पट्ट्या वेगळ्या हव्यात, आणि बऱ्याच पेट्यांमध्ये त्याच नसतात.