क्यू-एमू १०.१ : रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या व्याख्या आता तक्त्यात

क्यू-एमू (QEMU) हा एका संगणकावर दुसऱ्या प्रकारच्या संगणकाची नक्कल चालवणारा एम्युलेटर; त्याची १०.१ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिच्यात रिस्क-फाइव्ह (RISC-V, खुला सूचनासंच) प्रोसेसर मॉडेलांच्या व्याख्या लिहायची पद्धत बदलली आहे. नुसता एम्युलेटर चालवणाऱ्याला प्रोसेसर निवडताना काही वेगळं जाणवणार नाही. नवं मॉडेल घालणाऱ्यांसाठी किंवा जुनं दुरुस्त करणाऱ्यांसाठी मात्र गेल्या काही आवृत्त्यांतला हा सगळ्यात कामाचा बदल आहे.

आधी प्रत्येक मॉडेलला स्वतःचं इनिट फंक्शन असायचं. त्यात एक्स्टेन्शनचे (मूळ सूचनासंचावरच्या ऐच्छिक भरींचे) बिट, प्रिव्हिलेज स्पेकची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरच्या नियमांची) आवृत्ती आणि पेजिंगची (मेमरीच्या पत्त्यांच्या भाषांतराची) कमाल पातळी एकेक ओळीने भरली जायची. ऑब्जेक्ट तयार झाल्याशिवाय मॉडेलमध्ये काय आहे ते कळत नसे, आणि सायफाइव्ह या चिप कंपनीच्या भावंड मॉडेलांत त्याच ओळी पुन्हा पुन्हा दिसायच्या. आता ही माहिती एका स्थिर स्ट्रक्चरमध्ये बसते आणि क्लास तयार होतानाच वाचली जाते. सायफाइव्ह-ई हा अमूर्त पालक, आणि त्याच्यावर ई३४ मॉडेल एफ (फ्लोटिंग पॉइंट गणिताच्या) एक्स्टेन्शनची भर घालतं. डेटाशीट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडता येते, हे फार मोठं सुख आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पालकाची आणि मुलाची व्याख्या एकत्र होते तेव्हा हो-नाही स्वरूपाची फील्ड 'ऑर' होतात (दोहोंपैकी एक 'हो' असलं की निकाल 'हो'). म्हणजे पालकाने चालू केलेलं एक्स्टेन्शन मुलाच्या व्याख्येत 'फॉल्स' लिहून बंद होत नाही. कंपायलर तक्रार करत नाही आणि बिट चालूच राहतो. त्यामुळे पालकात फक्त सगळ्या मुलांना सामाईक असलेलंच ठेवायचं.

दुसरा सापळा शून्याचा. प्रिव्हिलेज आवृत्ती १.१० ची अंतर्गत किंमत शून्य आहे, त्यामुळे 'न भरलेलं' आणि '१.१०' यांत फरक करायला वेगळी 'अनयूज्ड' किंमत लागते. मॉडेल नोंदवायचा मॅक्रो (ठराविक कोड भरून देणारा साचा) ती आपोआप भरतो. कमाल पेजिंग मोडला 'न भरलेलं' दाखवणारा उणे एकही तोच देतो. मॅक्रो टाळून हाताने नोंद केलीत आणि आवृत्तीचं फील्ड सोडलंत तर पालकाची आवृत्ती गुपचूप १.१० ने झाकली जाते.

नावातली चूक कंपाइल करताना सापडत नाही. पालकाचं नाव ही साधी स्ट्रिंग आहे; ती चुकली तर प्रोग्राम चालू होताना 'पालक सापडत नाही' असं सांगून अबॉर्ट होतो (मध्येच बंद पडतो), आणि एकच नाव दोनदा नोंदवलं तरी अबॉर्टच होतो. नवा मूळ सीपीयू टाइप लिहिणाऱ्यांनी अलाइनमेंटचं (ऑब्जेक्ट मेमरीत किती बाइटच्या पटीवर सुरू व्हावा ते सांगणारं) फील्डही भरायला हवं. ते विसरलं तर यजमान (क्यू-एमू ज्यावर चालतो त्या) मशीनच्या व्हेक्टर सूचनांवर क्रॅश येऊ शकतो, तोही कधीमधीच, म्हणून शोधायला त्रासदायक.

काम करताना क्रम असा ठेवा. बदलाआधी ३२ आणि ६४ बिट दोन्ही सिस्टिम टार्गेट बिल्ड करून मॉडेलांची यादी आणि क्यूएमपीमधून (क्यू-एमूला आज्ञा द्यायच्या प्रोटोकॉलमधून) प्रत्येक मॉडेलचा विस्तार, म्हणजे त्याच्या गुणधर्मांची यादी, फाइलमध्ये साठवा. एका पॅचमध्ये एकच मॉडेल हलवा, गिटमधल्या रिबेसच्या एक्झेक पर्यायाने प्रत्येक पॅचवर बिल्ड चालवा, आणि शेवटी तीच माहिती पुन्हा साठवून आधीची आणि नंतरची फाइल डिफ करा (ताडून फरक पाहा). लिनक्स-यूझर टार्गेट (पूर्ण मशीनऐवजी फक्त एक लिनक्स प्रोग्राम चालवणारं) वगळू नका. तिथला सशर्त कोड वेगळा आहे. 'होस्ट' मॉडेल तर केव्हीएमसह (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) रिस्क-फाइव्हसाठी बिल्ड केल्याशिवाय कंपाइलच होत नाही, त्यामुळे क्रॉस-बिल्ड (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी केलेला बिल्ड) हवाच.

उणीव कागदपत्रांची आहे. विलीनीकरणाचे नियम समजायला थेट क्लासचं बेस-इनिट फंक्शन वाचावं लागतं. 'ऑर'चा नियम तरी मॅक्रोच्या वर दोन ओळींत लिहायलाच हवा होता. आवृत्तीबद्ध मॉडेलांची सोयही इथे नाही. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसर) मॉडेलांत ती क्यू-एमू ४.१ पासून आहे, त्यामुळे तिथे मॉडेल दुरुस्त केलं तरी जुनं व्हर्च्युअल मशीन जुन्याच आवृत्तीवर चालत राहतं. रिस्क-फाइव्हवर थेट मायग्रेशन करणाऱ्यांनी (चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या यजमानावर हलवणाऱ्यांनी) दोन्ही बाजूंना क्यू-एमूची एकच आवृत्ती ठेवावी.